कसर न लागलेलं गाठोडं

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत गोपिकाबाईचं नाव जरा तिरकंच घेतलं जाई. बाई कष्टाची, शिलाई सरळ, बोलणं बेताचं. पण जुन्या कापडाची गोष्ट निघाली की हिचं डोकं फिरतं, असं बाया म्हणत. भांडेवाली टोपली घेऊन आली की दारादारातून फाटकी लुगडी आणि विटके सदरे बाहेर येत, एका पातेल्यासाठी घासाघीस चाले. गोपिकाबाईच्या दारातून कधी चिंधी बाहेर पडली नाही. लुगडं विरलं की ती ते परसात जाळून टाकी.

शेजारच्या रुखमाबाईनं एकदा तोंडावर विचारलं, "काहून वं, तुह्या लुगड्यात जरतार हाय का? जाळून राखेत सोनं पाह्यते का?"

"कोणाच्या लेकराच्या अंगावर जाईन ते," गोपिकाबाई म्हणाली, आणि मशीनचं चाक फिरवायला लागली.

रुखमाबाईला यातलं काही कळलं नाही. तिनं घरी जाऊन सुनेला सांगितलं की बाईला गर्व फार आहे.

गोपिका याच गल्लीतली लेक. बाप गिरणीत मागावर होता, आई जिजाबाई घरी. पोरगी सातवीपर्यंत शिकली, आणि अडुसष्ट सालच्या वैशाखात तिचं लग्न नरखेडकडच्या शालिकरामशी झालं. संत्र्याची बाग असलेलं घर मिळालं म्हणून गल्लीनं कौतुक केलं. जिजाबाईनं देवीची ओटी भरली.

शालिकराम उंच, अबोल, कामाला वाघ. त्या भागात बागांवर कोळशी पडायची. पानांवर काळी माशी बसते, मग पानं काजळी फासल्यासारखी काळी होतात आणि झाड फळ धरत नाही. त्यावर नवीन औषध आलं होतं. लसणीसारखा उग्र वास, तेलासारखं दिसायचं, पाण्यात टाकलं की दूध व्हायचं. पाठीवर पंप बांधून ते झाडावर मारायचं. शालिकरामचा हात या कामात बसला होता, म्हणून दुसऱ्यांच्या बागाही तोच मारी. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा धोतर कमरेपासून खाली ओलं. कधीकधी तोंडाला लाळ सुटायची, घाम थांबायचा नाही, आणि डोळ्यांतली काळी बाहुली आकसून खसखशीएवढी व्हायची. तो ओसरीवर आडवा पडायचा आणि म्हणायचा, "चढलं आज औषध." त्याची आई ताकात मीठ घालायची, गोपिका पेला नेऊन द्यायची. सकाळी उठून पुन्हा पंप. गावातले लोक हसायचे, "शालिकराम, बागेले पाजता पाजता तूच पिऊन आला का गा?"

घर चालवायची ती त्याची आई, मनकर्णाबाई. घरात कुठं कोळ्याचं जाळं नाही, धान्यात किडा नाही. एका गोष्टीचा तर तिला फार अभिमान. तान्ह्या लेकराला नवं कापड घालायचं नाही, ही रीत सगळ्यांचीच. नवं टोचतं, आणि नव्याला नजर लागते. बापाचं धोतर धुऊन धुऊन मऊ झालं की त्याचीच बाळोती, त्याचीच दुपटी. बापाचं आयुष्य त्या जुनेरातून लेकराला लागतं, असं मानतात. मनकर्णाबाईनं मुलाचं एकेक विरलेलं धोतर सोडा घालून नदीवर धुतलं होतं, उन्हात कडक वाळवलं होतं, घडी करून गाठोडं बांधलं होतं. आणि ते ठेवलं होतं फवारणीच्या औषधाच्या पेटीत, डब्याच्या वर.

"त्या वासानं कसर येत नाही," ती नव्या सुनेला म्हणाली. "गावात कोणाचंही गाठोडं सोडून पाह्य. कसरीनं चाळणी केली असन. माह्यं पाह्य."

गोपिकेनं पाहिलं. कापडाला खरंच एक भोक नव्हतं. वास मात्र यायचा. "धुतलं का जाते," सासू म्हणाली.

पहिलं बाळंतपण माहेरी, सक्करदऱ्याला झालं. मुलगा. गोपिकेच्या बाबांच्या धोतराच्या बाळोत्यात तो चांगला बाळसं धरून होता, आजोबांच्या मिशा ओढायचा. सव्वा महिना झाला, सासरचे न्यायला आले. मनकर्णाबाईनं उंबरठ्यावरच लेकरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत गेल्याबरोबर त्याला उघडं केलं. "माहेरच्या चिंध्या माहेरी. आमचं लेकरू आमच्या कापडात." गाठोडं सुटलं.

आठवडाभरात लेकराच्या तोंडातून लाळ गळायला लागली. अंग घामानं चिंब, छातीत घरघर. "डब्बा झाला," म्हणजे बरगड्या उडायला लागल्या, असं सगळ्यांनी ठरवलं. एका म्हातारीनं बिब्बा तापवून पोटावर चटके दिले. लेकरू रडलंसुद्धा नाही, नुसते पाय झटकले. दुसऱ्या दिवशी त्याला बागेच्या बांधाशी पुरलं. त्याच दुपट्यात. शालिकरामनं खड्डा खणला आणि दुपारून पंप पाठीवर घेतला, कारण वारा पडला होता आणि वारा पडला की औषध नीट बसतं.

दुसऱ्या वेळी मनकर्णाबाईनं तिला माहेरी पाठवलंच नाही. "नागपूरचं पाणी लागलं त्याले." मुलगी झाली. तिची पाचवी पुजली, आणि बारशाच्या आधीच ती गेली. तीच लाळ, तोच घाम, तेच पाय झटकणं.

ज्या दिवशी तिला पुरलं त्याच दिवशी सासूनं गोपिकेला अंगणात बोलावलं. दूध अजून येत होतं, चोळी ओली होत होती. चारपाच बाया येऊन बसल्या होत्या, पदरात हसू दाबावं तसं काहीतरी दाबून.

"पिळ," मनकर्णाबाई म्हणाली.

"काहून, आत्याबाई?"

"मुंग्यायले दाखवतो. गोड असन तं त्या घेईन. विखारी असन तं समजंन."

वाटी द्यायला तिचं मन होईना. घरातली वाटी बाटेल. तिनं गाठोड्यातलं एक बाळोतं काढलं, चौघडी करून वारुळाशी ठेवलं. गोपिकेनं बायांकडे पाठ केली आणि दूध पिळलं. लेकीसाठी आलेलं दूध त्या कापडावर पडलं आणि जिरलं.

मुंग्या आल्या. काळ्या, घाईच्या. कापडाच्या काठावर चढल्या, दोन बोटं आत गेल्या, आणि तिथंच गोल फिरायला लागल्या. मग एकेक उताणी पडली. मागून आलेल्यांचंही तेच झालं. एका बाईनं आपलं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, गोपिकेपासून लांबच्या.

"पाह्यलं?" मनकर्णाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. "दोन लेकरं तूच खाल्ली वं. तुले माईत नसन, पण तूच."

आणि गोपिकेनं ते मान्य केलं. डोळ्यांनी पाहिलेलं कसं नाकारणार? देवापुढे बसून ती विचारायची, माझ्यात हे कधी भरलंस? विहिरीवर गेली की बाया आपल्या लेकरांच्या तोंडावर पदर ओढत. ती कळशी भरून खाली पाहत परत यायची. तिचं एकच मागणं उरलं होतं. पुन्हा पोट राहिलं तर ते जगावं, मग भले त्याला माझं दूध न मिळो.

तिसऱ्या वेळी मुलगा झाला, बहात्तर साली, पौषात. नाळ कापल्याबरोबर मनकर्णाबाईनं गोपिकेची छाती जुन्या लुगड्यानं करकचून बांधली. ताप भरला, गाठी झाल्या, आणि लेकराला पाजायला बसली जाऊ, देवकी, आपली पोरं घेऊन तेवढ्यासाठी आलेली. देवकीचा नवरा एसटीत कंडक्टर. तिची बाळंतपणं काटोलला भाड्याच्या खोलीत झाली होती, पोरं बापाच्या जुन्या खाकीत वाढली होती, धडधाकट होती. तिच्या दुधाबद्दल कोणाला शंका नव्हती. गोपिकेनं बाळाला हात लावायचा तो फक्त बाळोतं बदलायला. बाळोती त्याच पेटीतली.

आणि तरी लेकराला लाळ सुटली.

देवकी घाबरली. "मी तं काही अरबट खाल्लं नाही, आत्याबाई."

"तुह्यं नाही वं. पोटातूनच घेऊन आलं ते. नऊ महिने हिच्याच रक्तावर होतं ना."

गोपिका खाटेवर उठून बसली. दूध देवकीचं. पाणी विहिरीचं, तेच देवकीची पोरं पितात. ती सरकत पुढे आली आणि दिवसाच्या उजेडात तिनं पहिल्यांदा लेकराचा डोळा नीट उघडून पाहिला. बाहुली खसखशीएवढी. हा डोळा तिनं कितीदा पाहिला होता, ओसरीवर, ताकाचा पेला हातात घेऊन.

"याले औषध चढलं हाय," ती म्हणाली.

बाहेर ओसरीवर फवारणीची माणसं चहा पीत होती. त्यांनी ऐकलं आणि नत्थूजी नावाचा एक म्हातारा मोठ्यानं हसला. "तान्ह्या लेकरानं पंप पाठीवर घेतला का वं बाई? कोणाची बाग मारून आला?"

सगळे हसले. शालिकराम हसला नाही. तो पेल्यात पाहत राहिला.

गोपिकेनं बाळोतं नाकाशी नेलं. मग टोपडं. मग दुपटं. सगळ्याला तोच वास. तिनं लेकराच्या अंगावरचं सगळं काढलं आणि अंगणात फेकलं. पौषाच्या थंडीत तान्हं पोर नागडं. मनकर्णाबाई ओरडत आली, "मारतं का त्याले?" गोपिकेनं त्याला कोमट पाण्यानं धुतलं, छातीचं लुगडं सोडलं, आपल्या कातडीला लावून पदरात गुंडाळलं आणि चालायला लागली. बाळंतीण, सुवेरातली, डोक्यावर पदर नाही. एसटीत बायकांनी तिला जागा दिली नाही. विटाळाची बाई. ती दाराशी उभी राहिली, आणि नागपूर येईपर्यंत लेकराच्या नाकाशी बोट धरून होती.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "बागेवर मारायचं औषध सांडलं होतं का याच्या अंगावर?"

"कापडात होतं, जी."

डॉक्टरनं सुई दिली, पुन्हा दिली. लेकराचं अंग हळूहळू कोरडं झालं, घरघर थांबली. "जगेल," तो म्हणाला. "पण श्वास फार वेळ अडकला होता. पुढं डोक्याचं, हातापायाचं काय होईल ते मी आज सांगत नाही."

गोपिकेला जगेल एवढंच ऐकू आलं. तिनं कॉटच्या लोखंडी पायाला डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी त्याला छातीशी धरलं. तो प्यायला, आणि त्याला काही झालं नाही.

शालिकराम आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पेटी, गाठोडं, मुंग्या कापडानं मेल्या ते. तो टोपी हातात फिरवत बसला.

"मी तं रोज न्हाऊन राहिलो त्या औषधात," तो म्हणाला. "मी मेलो का?"

"तुमचं अंग केवढं, त्याचं केवढं?"

त्याला पटलं होतं. ते तिला दिसलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मायले कसं सांगू? का तिच्याच हातानं दोन लेकरं गेली? मरन ते म्हातारी." टोपी डोक्यावर ठेवून तो उठला. "तुह्या दुधावर आलंच हाय नाव. तं राहू दे आता."

तो गेला तो परत न्यायला आला नाही. दोन वर्षांनी कळलं, त्यानं प्रेमिला नावाची दुसरी केली.

गोपिका बापाच्या घरी राहिली. हप्त्यावर शिलाई मशीन घेतलं, लहान मुलांचे कपडे शिवायला लागली, नवीन ताग्यातले. मुलाचं नाव रवींद्र ठेवलं. रवि उशिरा बसला, उशिरा चालला. उजवा हात थरथरायचा, शब्द तोंडात अडकायचे. शाळेतली पोरं त्याच्या हातात दौत द्यायची आणि शाई सांडली की टाळ्या वाजवायची. पहिल्या वर्गात तो तीनदा बसला. जिजाबाई देवीला म्हणायची, दिला तो पुरा तरी द्यायचा. गोपिकेनं असं कधी म्हटलं नाही. ती रोज दिवा लावायची आणि हात जोडून गप्प उभी राहायची.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात मनकर्णाबाई दारात उभी राहिली. हातात संत्र्यांची थैली. वाकली होती, पण लुगडं तेच पांढरंस्वच्छ. ती बसली, पाणी प्यायली, आणि रविकडे पाहत राहिली.

"बाळा, आजीले अजून पाणी आण बरं."

रविनं पेला आणला. अर्धं पाणी वाटेत सांडलं. "घे... घे... आ..." त्याला आजी म्हणता येईना.

मनकर्णाबाईनं पेला घेऊन बाजूला ठेवला. "न्याले आली होती," ती गोपिकेला म्हणाली. "बागेले वारस पाह्यजे. पण हा बाग काय सांभाळन? याले कोणी सांभाळाले पाह्यजे." पोराच्या देखतच म्हणाली. "तुह्या दुधाचं हाय हे सारं."

"प्रेमिलेले लेकरू?" गोपिकेनं विचारलं.

"झालं होतं. गेलं. मुंग्यायले दाखवलं. तिचंही तसंच निघालं. माह्या पोराच्या नशिबात दोन्ही विखारीच. आता पुन्हा पोटुशी हाय."

गोपिकेच्या हातातली कात्री थांबली. "कापड त्याच पेटीतलं होतं ना, आत्याबाई?"

"मंग कुठचं? अजून कसर नाही त्याले."

तेव्हा गोपिकेनं सांगितलं. नवऱ्यानं जे सांगितलं नव्हतं ते सगळं, सरळ, आवाज न चढवता. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं?" ती म्हणाली. "लेकरं तू खाल्ली, अन् आता माह्याच तोंडाले रक्त लावते."

जिजाबाईनं लेकीला स्वयंपाकघरात बोलावलं. "तिले खरं पचणार नाही वं. जुनं हाय म्हणून दे. त्या पोरीचं लेकरू तरी वाचन."

गोपिका आयुष्यात देवासमोर खोटं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलायचं ठरवलं. घरात जुनं कापड ती उरूच देत नव्हती, विरलं की जाळायची; होतं ते मलमलचं नवं कापड, ते तसंच जुनं म्हणून देता येईना. म्हणून तिनं सासूला चार दिवस ठेवून घेतलं. म्हातारी तलावाकाठी देवळात जाऊन बसली की ही ते कापड सोड्यात उकळायची, दगडावर आपटायची, उन्हात घालायची, पुन्हा आपटायची. हाताची सालं गेली. मऊ झाल्यावर तिनं त्याची झबली, टोपडी, दुपटी शिवली आणि गाठोडं बांधून सासूसमोर ठेवलं.

"माह्या बाबांचं धोतर हाय. पहिल्याच्या अंगावर हेच होतं, तेव्हा तो चांगला होता. तुमच्या डोळ्यांदेखत. प्रेमिलेच्या लेकराले घाला."

मनकर्णाबाईनं दुपटं उलगडलं, दोन बोटांत चोळलं, उजेडाकडे धरलं. कोपऱ्यावर गिरणीच्या शिक्क्याची फिकट निळी कडा राहिली होती. तिथं तिचं बोट थांबलं. तिनं वर पाहिलं आणि पहिल्यांदा हसली.

"नवं हाय," ती म्हणाली. "सवतीच्या लेकरावर नवं कापड घालाले निघाली. अन् मले पापी म्हणते."

गाठोडं मात्र तिनं थैलीत घातलं. "राहू दे. कामी येईन."

गोपिकेनं तेवढ्यावर आशा धरली. पुढचे महिने ती रोज संध्याकाळी दिव्यापुढे त्या न पाहिलेल्या लेकराचं नाव घ्यायची. नाव माहीत नव्हतं म्हणून नुसतं लेकरू म्हणायची.

दिवाळीनंतर शालिकराम आला. सुकला होता, डोळे लाल. गळ्याभोवती एक दुपटं गुंडाळलेलं होतं. पांढरं, पिवळट डाग पडलेलं. तो ओट्यावर बसायच्या आधीच गोपिकेला वास आला.

"प्रेमिला?" तिनं विचारलं.

"मुलगी झाली होती," तो म्हणाला. "गेली. प्रेमिलेले माहेरी घातलं मायनं."

"कापड?"

त्यानं गळ्याला हात लावला, जणू तिनं त्याच्याचबद्दल विचारलं. "नवं लेकराले चालत नाही ना. म्हणून मायनं मले दिलं. मऊ हाय. तोंडाले बांधलं का औषध पह्यल्यासारखं चढत नाही." मग तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तू चाल आता. रवि कसाही असो. माह्याच रक्ताचा हाय."

रवि बापाजवळ येऊन उभा होता. त्यानं थरथरता हात दुपट्याकडे नेला. गोपिकेनं तो मनगटात पकडला, जोरात, त्याला दुखेल इतका, आणि त्याला जिजाबाईबरोबर तलावाकडे पाठवलं.

"ते सोडा," ती नवऱ्याला म्हणाली.

त्यानं सोडलं. तिनं चुलीजवळचा चिमटा आणला, दुपटं चिमट्यात धरून परसात नेलं आणि रॉकेल घालून काडी लावली. शिक्क्याचा कोपरा शेवटी जळाला.

शालिकराम मागच्या दारात येऊन उभा राहिला. "काहून जाळलं? चांगलं होतं अजून."

तिनं चिमटा राखेत खुपसून ठेवला आणि हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. तो वाट पाहत होता. मग त्याला कळलं की ती येणार नाही. त्यानं टोपी घातली.

"मायले काही सांगू का?"

"सांगा," गोपिका म्हणाली, "कापड कामी आलं."